खापरावरचा दोरीचा ठसा: पीळ कसा ओळखायचा?

भीमाकाठ, सोलापूर: कॉलेजच्या संग्रहातल्या खापरावर दोरीचा ठसा आहे. तिरक्या रेघा एस अक्षराच्या मधल्या भागासारख्या झुकतात. म्हणजे दोरी एस पिळाचीच ना? तशीच दोरी वळून शेजारी मांडायची आहे.

खापरी: नाही, झेड. ठशात कल उलटा उमटतो. आधी अंधारात टॉर्च जवळजवळ आडवा धरून फोटो काढा. मग दातांच्या डॉक्टरांकडचं सिलिकॉन दाबून साचा घ्या. त्यावर खरा कल दिसेल. प्लॅस्टिसिन नको, त्याचं तेल खापरात मुरून डाग पडतो. पृष्ठभाग भुरभुरत असेल तर साचाही नको, फोटोच पुरे.

वाखवाला: दोरीसाठी अंबाडी घ्या ताई. फुलोऱ्यावर आली की कापून साधारण 10 ते 15 दिवस पाण्यात बुडवा. उन्हाळ्यात लवकर कुजते, म्हणून आठवड्यानंतर रोज एक काडी सोलून बघा. कमी कुजली तर साल चिकटून राहते, जास्त झाली तर वाखच (सालीतला धागा) तुटतो. दोन पेड घेऊन प्रत्येक पेड एस दिशेने पिळा, मग दोन्ही पेड एकत्र झेड दिशेने. दोन्ही पीळ एकाच दिशेने दिलेत तर दोरी हातातून सोडताच उकलते. जोड दोन्ही पेडांत एकाच जागी नको.

खापरी: हीच रचना फ्रान्सच्या आब्री द्यु मारास इथल्या निअँडरथल या प्राचीन मानवांच्या काळातल्या दोरीच्या तुकड्यात आहे, फरक इतकाच की तो तीन पेडी; लांबी जेमतेम 6 मिलिमीटर! आणि पाटीवर ‘अंबाडीची दोरी’ लिहू नका. ठशावरून पीळ कळतो, वनस्पती नाही. त्यासाठी धागाच लागतो, आणि तो आपल्याकडे बहुधा टिकतो तांब्याला चिकटून. तांब्याचे क्षार जिवाणू मारतात.