पीएचडी: परदेशी कापडावर ९७ टक्के, आमच्या चादरीवर फजिती. आता काय करू?

फणीवाली_सून

नमस्कार. मी सोलापुरात एका खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते, अकरा वर्षं झाली. अर्धवेळ पीएचडीचं हे चौथं वर्ष. विषय कॅमेऱ्याने कापडातले दोष ओळखण्याचा. तो मीच निवडला, कारण सासऱ्यांचे अक्कलकोट रोडला जेकार्डचे (नक्षी विणणारे) आठ माग आहेत आणि दोष निघून सेकंडमध्ये गेलेल्या चादरी आमच्याच घरी पाहुण्यांना अंथरल्या जातात.

काम मात्र केलं एटेक्सच्या डेटासेटवर, म्हणजे तयार फोटोंच्या संचावर. स्पेनमधल्या वस्त्र-संशोधन संस्थेचा आहे, फुकट मिळतो. २४५ फोटो, प्रत्येक ४०९६ बाय २५६ पिक्सेलचा, सात प्रकारची कापडं. १४० फोटो निर्दोष, १०५ सदोष. प्रत्येक फोटोचे सोळा चौकोनी तुकडे केले, न्यूरल नेटवर्क (उदाहरणं बघून शिकणारा प्रोग्राम) शिकवलं, अचूकता ९७ टक्के आली. गाईड खूश, पेपरचा मसुदा तयार.

मग दिवाळीच्या सुट्टीत हौस आली. स्टँडला मोबाईल बांधला, लॅपटॉप कांड्यांच्या खोक्यावर ठेवला आणि चालू मागावर लावून बघितलं. चादरीवर मोर होता. प्रोग्रामने मोराची चोच, पिसारा, पाय, सगळ्याला दोष म्हणून लाल चौकट केली. वर पट्टीच्या काठालाही. सासरे चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "म्हंजे ही अख्खी चादरच सेकंड का?" माग दुरुस्त करणारे जॉबरमामा हसले नाहीत एवढीच मेहरबानी.

गाईडना सांगितलं तर ते म्हणाले, मागाचं विसरा, ९७ टक्क्यांवर प्रबंध लिहून मोकळ्या व्हा, पुढचं पुढे. त्यांचंही अगदीच चूक नाही. घरी दोन मुलं आहेत, कॉलेजात नॅकच्या (मूल्यांकनाच्या) फायली आहेत. पण मोर काही डोळ्यांसमोरून जात नाही. मोकळी होऊ, की मागावर जाऊन नव्याने फोटो काढत बसू?

रात्रपाळी

ताई, मी याच क्षेत्रात पीएचडी करून आता बाहेरगावी नोकरी करतो, मूळचा कन्ना चौकाजवळचा. आधी एक नाजूक प्रश्न. फोटोंची शिकवण्यासाठी आणि चाचणीसाठी वाटणी तुकडे पाडण्याआधी केली की नंतर?

नंतर केली असेल तर एकाच फोटोतले शेजारशेजारचे तुकडे दोन्हीकडे गेले. मग नेटवर्क दोष ओळखत नाही, कापड ओळखतं. परीक्षेआधीच पेपर फुटल्यासारखं.

आणि ९७ चा हिशोबही करून बघा. २४५ गुणिले १६ म्हणजे ३९२० तुकडे. १०५ सदोष फोटोंत दोष सरासरी दोन तुकड्यांत धरला तर वाईट तुकडे २१०. काहीही न शिकता "सगळं चांगलं आहे" एवढंच म्हणणारा प्रोग्रामसुद्धा ९४ टक्क्यांच्या वर जातो! अचूकता बाजूला ठेवा, खरे दोष शंभरातले किती सापडले ते मोजा.

फणीवाली_सून

हो. तुकडे आधी, वाटणी नंतर. हे वाचल्यावर तासभर स्वयंपाकघरात उगाच डबे पुसत होते.

रात्री फोटोनुसार वाटणी करून परत चालवलं. अचूकता अजूनही नव्वदच्या वरच दिसते. पण निम्मे दोषसुद्धा सापडत नाहीत. बरं झालं पेपर पाठवला नव्हता.

शेंगाचटणी_सर

नियमांपुरतं बोलतो. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमावलीत पीएचडीला सहा वर्षं कमाल मुदत आहे. पुनर्नोंदणी करून दोन वर्षं वाढतात आणि महिलांना त्यावर आणखी दोन, म्हणजे एकूण दहापर्यंत. त्याच नियमावलीने प्रबंधाआधी पेपर छापण्याची सक्तीही काढली. तुमच्या विद्यापीठाने स्वतःची अट ठेवली असेल तर ती वेगळी, ऑफिसात लेखी विचारा, तोंडी नको. पण चौथ्या वर्षात पाणी गळ्याशी आलेलं नाही. घाबरवणारे स्टाफरूममध्ये भरपूर भेटतात, त्यांची स्वतःची नोंदणी कितव्या वर्षात आहे ते हळूच विचारा.

कांडीवाला

म्याडम, मी काय शिकलेला नाही, बारावीत गचकलो. पुतण्याने हा धागा वाचून दाखवला म्हणून त्याच्याकडूनच लिहून घ्यायलोय. घरी बारा माग हायत.

तुम्ही कॉम्प्युटरला मोर शिकवायलाव कशाला? मोर काय आहे ते जेकार्डच्या भोकं पाडलेल्या कार्डांना आधीच ठाऊक हाय. ताण्याचा कुठला उभा धागा उचलायचा, कुठला नाही, हे भोकांवर ठरतंय. कार्डांची माळ एक फेरा पुरा फिरली की तोच मोर परत येतोय, धाग्याला धागा. मागच्या मोराशी आत्ताचा मोर ताडून बघा की. जिथं फरक पडला तिथं दोष. आमचा तपासणारा म्हातारा हेच करतोय, फक्त डोळ्यानं.

एक भानगड हाय पण. कार्डच फाटलं असलं तर प्रत्येक मोराला तीच चूक येती. तवा मागच्याशी ताडून कळणार नाही, पहिल्या पास केलेल्या चादरीशीच ताडायला लागतंय.

दुसरं, लोक सांगतेत की लई महागाचा कॅमेरा लागतोय. कशाला? आमचा साधा माग मिनिटाला १२० वेळा धोटा फेकतोय, दरवेळी एक आडवा धागा. इंचाला ३० ते ४० आडवे धागे धरा. म्हंजे कापड मिनिटाला तीन-चार इंचच पुढं सरकतंय. गोगलगाय बरी. त्रास पळायचा नाही, हादऱ्याचा हाय. आडवा धागा बसवायला फणी ठोकली की अख्खा माग थरथरतोय, त्याला बांधलेला कॅमेरा पण थरथरणार. मोबाईलचा स्टँड जमिनीवर ठेवला व्हता का मागाला बांधला व्हता?

आणि खरं नुकसान कशानं होतंय सांगतो. आडवा धागा संपला तर माग आपोआप थांबतोय. पण ताण्याचा एक उभा धागा तुटला आणि कामगार दुसऱ्या मागावर असला, तर उभी रेघ चालूच राहती. दहा मिनिटं नजर गेली नाही की तीस इंच चादर गेली. मला टक्केवारी नको, किती इंचात कळलं ते सांगा.

रात्रपाळी

काकांचं शेवटचं वाक्य भिंतीवर लावा ताई. "तुटल्यापासून किती इंचात कळलं" हे तुमच्या प्रबंधाचं माप.

फेऱ्याशी फेरा ताडण्याची कल्पना छपाईच्या तपासणीत जुनी आहे. पण मागावर कापड ताणलं-सैलावलं की दोन मोर तंतोतंत एकावर एक बसत नाहीत, ते जुळवून घेणं हेच तुमचं काम. दोषाचे फोटो कमी म्हणून अडून बसू नका. दोष शोधण्यासाठीच्या २०१९ च्या एमव्हीटेक डेटासेटमध्ये शिकवायला फक्त निर्दोष फोटोच दिलेत, दोष केवळ चाचणीत. (त्यात गालिचा आहे, चामडं आहे, चादर नाही!) आणि वैद्यकीय फोटोंसाठीचं २०१५ चं यू-नेट नावाचं नेटवर्क अवघ्या ३० फोटोंवर शिकवलं होतं, तेच फोटो वेडेवाकडे ताणून, फिरवून वापरले.

उजेडाचंही बघा. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे जुनी ट्यूब सेकंदाला शंभरदा लुकलुकते. फोटोत आडवे पट्टे येत असतील तर ते कापडाचे नाहीत. शटर एक शतांश किंवा एक पन्नासांश सेकंदावर ठेवा, जातील.

फणीवाली_सून

काका, मागालाच बांधला होता. मोबाईल पडू नये म्हणून! आणि ते पट्टे मी दोष म्हणून खूण करून ठेवले होते, सदतीस फोटोंत. आज सगळे पुसले.

गाईडना काल भेटले. तुकड्यांच्या वाटणीचं सांगितल्यावर ते जरा गप्प झाले, कारण ती पद्धत त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्याकडूनच माझ्याकडे आली होती. मग म्हणाले, एक प्रकरण मागावरचं करा, पण सहा महिन्यांत. सहा तर सहा.

गड्ड्याच्या जत्रेत आमचे माग बंद असतात, तेव्हा जमिनीत वेगळा खांब रोवून घेणार आहे. सासऱ्यांनी सातवा माग दिलाय. तो सगळ्यात जास्त हादरतो म्हणून दिला की सगळ्यात कमी कमावतो म्हणून, ते विचारलं नाही.

कुणाकडे मोडीत काढलेली जेकार्डची जुनी कार्डं असतील तर कळवा. मुद्दाम चुकीचं भोक पाडून बघायचंय, आणि चालू माळेतल्या कार्डाला सासरे मला हात लावू देत नाहीत.

कांडीवाला

दोन पोती हायत. सकाळी दहाच्या आत या, नंतर भंगारवाला येतोय.