अनुभव धागा: घरच्या घरी डॅनिश हॉटडॉग

डेन्मार्कमधला नेहमीचा हॉटडॉग म्हणजे पाव, सॉसेज आणि त्यावर केचप, मोहरीचा सॉस, रेम्युलाद (मेयोनेज आणि मुरवलेल्या भाज्यांचा पिवळा सॉस), कच्चा कांदा, कुरकुरीत तळलेला कांदा, आंबटगोड काकडी. कोपनहेगनच्या रस्त्यांवर सॉसेजच्या गाड्या १९२१ पासून उभ्या आहेत आणि तिथे 'सगळं घालून' मागितलं की हेच हातात येतं. घरी करणाऱ्यांनी आपापली मापं लिहावीत, कुठे बिघडतं आणि का बिघडतं तेही लिहावं. आठवणी दुसऱ्या धाग्यावर. सॉसेज विकतचं असलं तरी चालेल. माझ्या मते या प्रकाराची निम्म्याहून जास्त चव वरच्या थरांतच आहे.

काकडीप्रेमी

सुरुवात काकडीपासून, कारण ती मुरायला वेळ लागतो. पातळ सालीची लांब काकडी, ४०० ग्रॅम. साल ठेवून किसणीच्या पात्यावर दीड-दोन मिमी जाडीच्या चकत्या. एक चमचा मीठ लावून अर्धा तास चाळणीत, वर वजन ठेवून. मग कोशिंबिरीला पिळतो तशी मुठीत घट्ट पिळायची. १०० मिली व्हिनेगर, ५० मिली पाणी, ८० ग्रॅम साखर आणि थोडी मिरपूड साखर विरघळेपर्यंतच गरम करायचं आणि पूर्ण गार झाल्यावर काकडीवर ओतायचं. गरम ओतलं की चकत्या लिबलिबीत होतात. फ्रिजमध्ये किमान दोन-तीन तास.

डेन्मार्कमध्ये व्हिनेगर साधारण ५ टक्क्यांचं असतं. आपल्याकडच्या बाटलीवर ४ टक्के लिहिलं असेल तर पाणी ३० मिलीच घाला. देशी काकडीच्या बिया चमच्याने खरवडून टाका, नाहीतर मधला भाग पाणी सोडत राहतो. हॉटडॉगवर ठेवताना काट्याने उचलून आधी निथळू द्या.

तळण_विभाग

कांदा. ३०० ग्रॅम कांद्याला दोन मोठे चमचे मैदा. काप एक-दीड मिमीचे आणि सगळे सारखे, कारण जाड-बारीक झाले की बारीक जळतात आणि जाड मऊ राहतात. आधी मैदा चोळायचा, जास्तीचा झटकायचा आणि लगेच तळायला घ्यायचं. मीठ तळल्यावर. आधी लावलं की पाणी सुटून मैद्याची खळ होते आणि काप एकमेकांना चिकटतात.

तेल १५० ते १६० अंश. यापेक्षा तापलं तर रंग येतो पण आतला ओलावा तसाच राहतो, आणि दहा मिनिटांत सगळं पुन्हा नरम. थोडा थोडा घाला, पाच-सहा मिनिटं हलवत राहा. बुडबुडे कमी होऊ लागले की ओलावा गेला असं समजा. फिक्या सोनेरी रंगावरच झाऱ्याने काढा, बाहेर काढल्यावरही रंग चढतो. कागदावर पसरून ठेवा, ढीग नको. गार झाल्याशिवाय डबा बंद करू नका.

मीनल_आरहूस

@तळण_विभाग, बिर्याणीचा बिरिस्ता (तळलेला कांदा) उरला असेल तर तो चालेल का?

तळण_विभाग

चवीला चालेल. पण बिनामैद्याचा काप सॉस लागला की पटकन मऊ पडतो, त्यामुळे घालून लगेच खा. मैद्याऐवजी बेसन मात्र अजिबात नको, त्याची भजी होते.

पिवळा_सॉस

रेम्युलाद: २०० ग्रॅम मेयोनेज, १०० ग्रॅम व्हिनेगरात मुरवलेल्या भाज्या (फ्लॉवर, गाजर, काकडी, थोडा कांदा, सगळं तांदळाच्या दाण्याएवढं), एक चमचा मोहरीचा सॉस, अर्धा चमचा करी पावडर, पाव चमचा हळद, एक चमचा साखर. केपर्स (खारवलेल्या छोट्या कळ्या) मिळाले तर चमचाभर. हळद आणि करी पावडर चमचाभर कोमट तेलात मिनिटभर परतून घ्या. कच्ची घातली तर दुसऱ्या दिवशी हळदीचाच वास पुढे येतो. भाज्या फडक्यात पिळून कोरड्या करा, नाहीतर रात्रीत सॉस फुटून खाली पाणी साचतं. एगलेस मेयो बरेचदा आधीच गोड असतं, त्यात साखर घालू नका. रात्रभर मुरल्याशिवाय चव बसत नाही.

गाडीवाला

लाल सॉसेज पाण्यात गरम करतात, तपकिरी सॉसेज तव्यावर भाजतात. वरचा सगळा थाट भाजलेल्यावर. लाल सॉसेज कागदावर केचप-मोहरीसोबत मिळतं, पाव बाजूला वेगळा.

लाल सॉसेजचं पाणी ७५ ते ८० अंश, वेळ आठ-दहा मिनिटं. पाण्याला उकळी फुटली की साल फाटते आणि आतला रस पाण्यात जातो. भाजताना मध्यम आच, अगदी थोडं तेल, फिरवत फिरवत आठ-दहा मिनिटं. काट्याने टोचू नका. फ्रोझन पाकीट आदल्या रात्री फ्रिजमध्ये खाली काढून ठेवा. गोठलेलं तव्यावर टाकलं तर साल करपते आणि मध्यभाग थंडच राहतो.

रचण्याचा क्रम असा: पावात सॉसेज, त्यावर केचप, मोहरी, रेम्युलाद, मग बारीक चिरलेला कच्चा कांदा, तळलेला कांदा, आणि शेवटी काकडीच्या चकत्या. सॉस बाटलीच्या बारीक तोंडाने रेघ ओढून घाला. चमच्याने घातला तर प्रमाण हाताबाहेर जातं.

मैदा_आणि_यीस्ट

१५ पावांसाठी ५०० ग्रॅम मैदा, २६० मिली कोमट दूध, १ अंडं, ३० ग्रॅम साखर, ९ ग्रॅम मीठ, ७ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, ६० ग्रॅम लोणी. लोणी शेवटी मळायचं. दुप्पट फुगल्यावर ६० ग्रॅमचे गोळे, १६ सेमी लांब वळून ट्रेमध्ये एक-एक सेमी अंतरावर. फुगल्यावर ते एकमेकांना टेकतात आणि त्यामुळे कडा मऊ राहतात. पाऊण तास फुगवून २०० अंशांवर १२-१३ मिनिटं, बाहेर काढताच वर फडकं.

भारतातली बरीच फ्रोझन सॉसेजेस आखूड असतात. त्यांना १० सेमीचे, ४० ग्रॅमचे पाव करा. दोन्ही टोकांनी सॉसेज बाहेर डोकावलं नाही तर तो डॅनिश दिसत नाही. खाताना पाव मिनिटभर वाफेवर धरा. मायक्रोवेव्हमधला पाव गार होताच चिवट होतो.

भोकवाला

फ्रेंच हॉटडॉगबद्दल (हाही डॅनिश गाड्यांवरचाच): छोटा बगेत (लांबट, कडक सालीचा फ्रेंच पाव), एक टोक कापायचं, आत भोक. गाडीवर त्यासाठी गरम दांडा असतो, घरी लाटण्याच्या मुठीएवढ्या जाडीचा लाकडी दांडा गोल फिरवत घाला. दुसरं टोक फुटू देऊ नका, सॉस तिथूनच मनगटावर येतो. आधी सॉस भरायचा, मग सॉसेज ढकलायचं, म्हणजे सॉस आपोआप सगळीकडून वर चढतो. मेयो, मोहरी आणि थोडा चक्का एकत्र केला की पुरतं. कांदा-काकडी नाही.

मीनल_आरहूस

डेन्मार्कमध्ये राहणाऱ्यांसाठी: तळलेला कांदा, काकडी, रेम्युलाद सगळं सुपरमार्केटमध्ये तयार मिळतं आणि कांदा तर विकतचाच घ्यावा. डुक्कर टाळणाऱ्यांनी लेबलवर 'स्वीन' (svin, म्हणजे डुक्कर) शब्द शोधावा. चिकनची आणि हलाल सॉसेजेसही मिळतात. लाल रंग अनेकदा ई-१२० असतो, तो किड्यापासून काढतात, हेही काहींना माहीत असलेलं बरं.

खिमा_कारखाना

पुण्या-मुंबईत लाल सॉसेज मिळत नाही म्हणून घरी करणाऱ्यांसाठी. चिकनच्या मांडीचं बिनहाडाचं मांस ७०० ग्रॅम, चिकनची साल १५० ग्रॅम, बर्फाचा चुरा १५० ग्रॅम, मीठ १७ ग्रॅम, बटाट्याचा स्टार्च ३० ग्रॅम, पांढरी मिरी ३ ग्रॅम, जायफळ-जायपत्री मिळून १ ग्रॅम. मांस आणि साल अर्धवट गोठवून घ्या. मिक्सरमध्ये आधी मांस आणि मीठ, चिकट होईपर्यंत. मग बर्फ तीन वेळा विभागून. साल आणि स्टार्च शेवटी. मिश्रण १२ अंशांच्या वर गेलं की चरबी सुटते आणि शिजल्यावर सॉसेज रवाळ, कोरडं लागतं. म्हणून मिक्सर सलग चालवू नका, भांडं मधून मधून फ्रीझरमध्ये ठेवा.

मेंढीच्या आतड्यात भरून ८० अंशांच्या पाण्यात, आतलं तापमान ७४ होईपर्यंत. मग थेट बर्फाच्या पाण्यात, म्हणजे साल सुरकुतत नाही. रंगासाठी बीट घालू नका, उष्णतेने तपकिरी पडतं. खायचा लाल रंग शिजवायच्या पाण्यातच टाका, सालीवर चढतो आणि आतलं मांस फिकट राहतं. त्या पाण्याला स्टीलचं भांडं घ्या, प्लॅस्टिकचा चमचा कायमचा लाल होतो.