हर्मिट क्रॅब पहिल्यांदाच पाळतेय, एकजण वाळूत गेलाय तो वर येतच नाहीये, काय करू?

नवी_पालक: नमस्कार मंडळी, भावाने वाढदिवसाला दोन जमिनीवरचे हर्मिट क्रॅब (रिकाम्या शंखात राहणारे खेकडे) दिलेत. सोबत जाळीचा पिंजरा, तळाला चारेक बोटं वाळू, एक पाण्याची वाटी त्यात स्पंज, आणि दोन रंगवलेले शंख. रोज थोडं पाणी शिंपडा बास असं दुकानात सांगितलं म्हणे. एकजण दिवसभर गप्प आणि रात्री खडखड करत फिरतो, तो ठीक वाटतोय. पण दुसरा वाळूत शिरलाय तो बरेच दिवस झाले वर आलाच नाही, उकरून बघू का? मेला असेल का? प्लीज कोणीतरी सांगा, जीव लागलाय दोघांवर.

शंखवेडी: उकरू नका!! आधी हे वाचा मग बाकीचं. तो बहुतेक कात टाकतोय. वाढायचं तर जुनं कडक कवच टाकावंच लागतं, आणि नवं कवच सुरुवातीला इतकं मऊ असतं की नुसता धक्का लागला तरी इजा होते, म्हणून तो अंधारात ओल्या वाळूत लपतो, तिथे नवं कवच कडक होऊ देतो आणि टाकलेलं जुनं कवच खाऊन त्यातलं कॅल्शियम परत घेतो. लहान खेकड्याला साधारण 4 ते 8 आठवडे लागतात, मोठा असेल तर काही महिनेसुद्धा. तुटलेला पायसुद्धा याच काळात परत येतो. मेला असेल तर सडक्या मासळीसारखा उग्र वास येतो आणि तो दिवसागणिक वाढत जातो. तसा वास नसेल तर तो जिवंत आहे असंच धरून चाला.

नवी_पालक: हुश्श. वास अजिबात नाहीये. मग पिंजरा तसाच ठेवू?

ओलीवाळू: पिंजरा हलवू नका पण जाळी झाका, आजच. हे खेकडे जमिनीवर राहतात तरी श्वास कल्ल्यांनीच घेतात आणि कल्ले ओले असतील तरच ते काम करतात. हवेतली आर्द्रता 75 ते 85 टक्के लागते, बराच काळ 70 च्या खाली राहिली तर ते हळूहळू गुदमरतात, आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतं सुस्तावलाय. जाळीतून ओल टिकतच नाही, पाणी कितीही शिंपडा. तात्पुरतं वरून आणि बाजूने प्लास्टिक गुंडाळा, थोडी हवा जाईल एवढी फट ठेवा, खालच्याला तिथेच राहू द्या. वर फिरणाऱ्यासाठी झाकणवाली काचेची टाकी बघा, दोन छोट्या खेकड्यांना कमीत कमी 40 लिटरची, मोठी मिळाली तर उत्तमच. खालचा वर आला, चालता-खाता झाला की त्यालाही तिकडे न्या. आत एक डिजिटल हायग्रोमीटर (आर्द्रता मोजायचं यंत्र) लावाच, अंदाजाने आर्द्रता कळत नाही.

नवी_पालक: टाकीत वाळू किती घालायची? आणि हीटर लागतो का?

ओलीवाळू: पाच भाग वाळू एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), मुठीत दाबली तर गोळा व्हावा पण पाणी गळू नये इतपतच ओली. वाळूची खोली तुमच्या सगळ्यात मोठ्या खेकड्याच्या उंचीच्या तिप्पट, आणि तो कितीही छोटा असला तरी 15 सेंटीमीटरच्या खाली नको. तापमान 24 ते 29 अंश. घरातच तेवढं असेल तर काहीच नको, नाहीतर हीट मॅट (गरम होणारी विजेची पट्टी) टाकीच्या मागच्या काचेला बाहेरून वाळूच्या वर लावा. तळाखाली लावली तर खाली कात टाकत बसलेला खेकडा भाजून निघेल.

खारंपाणी: पाण्याचं राहिलं. वाट्या दोन हव्यात, एक गोडी एक खारी, दोन्हीत त्यांना पूर्ण बुडता येईल एवढं पाणी आणि बाहेर चढायला दगड किंवा जाळीचा तुकडा. खाऱ्या पाण्याला मत्स्यालयाचं मरीन सॉल्ट घ्या, स्वयंपाकाचं मीठ चालत नाही. स्पंज काढून टाका, त्यात जंतू वाढतात. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवलं की चालतं.

शंखवेडी: @खारंपाणी शेवटचं सोडून सगळं पटलं. उघडं ठेवून क्लोरीन उडतो पण क्लोरामाइन (क्लोरीनसारखंच पाणी शुद्ध करायला घालतात ते) उडत नाही आणि आपल्या नळाला काय घालतात ते घरी बसून कळत नाही, म्हणून डीक्लोरिनेटर (हे दोन्ही घालवणारं औषध) वापरावा, तो माशांवाल्यांकडे मिळतोच.

खारंपाणी: बरोबर, ते धरा.

नवी_पालक: रंगीत शंखांचं काय, चांगले दिसतात पण त्याने काही होतं का?

शंखवेडी: काढा ते. रंगाचे पापुद्रे निघतात आणि खेकडे ते खातात. साधे नैसर्गिक शंख ठेवा, प्रत्येकामागे तीन ते पाच, आताच्यापेक्षा थोडे मोठे, तोंड वेगवेगळ्या आकाराची, काहींना गोल तोंडाचे आवडतात काहींना चपट्या तोंडाचे. शंख कमी पडले की एकमेकांना ओढून बाहेर काढतात, त्यात जीवही जातो. आणि तुम्ही स्वतः त्याला शंखातून कधीही ओढू नका, सोडण्याआधी तो मधोमध तुटेल. खायला फळं, भाज्या, वाळलेली पानं, मीठमसाला न घातलेला उकडलेला मासा, आणि कॅल्शियमसाठी समुद्रफेन (कटलफिशचं पांढरं हाड) किंवा चुरलेली अंड्याची टरफलं. शिळं रोज उचला. तयार खाद्य घेतलंत तर पाकिटावर कॉपर सल्फेट किंवा इथॉक्सिक्विन (खेकड्यांना अपायकारक मानलेली रसायनं) दिसलं की परत ठेवा.

नवी_पालक: खूप खूप आभार, प्लास्टिक गुंडाळलं. वरचा एकटा पडलाय म्हणून तिसरा आणू का?

ओलीवाळू: आत्ता नको. ते कळपात राहणारे आहेत हे खरं, पण खालचा जिवंत असेल तर तो येणारच आहे वर. विकायला येणारे जवळजवळ सगळे खेकडे समुद्रकिनाऱ्यावरून पकडून आणलेले असतात, कारण पिल्लं आधी समुद्राच्या पाण्यात तरंगत वाढतात आणि घरी ते जमवणं फार अवघड. नीट ठेवले तर हे दहावीस वर्षं, काही तर तीसच्या पुढेही जगतात. पुढे कधी सोबत हवीच असेल तर दुकानातून घेण्यापेक्षा कोणाला सांभाळणं जमत नसेल त्यांचे घ्या. आधी टाकी लावा, आर्द्रता आठवडाभर स्थिर राहतेय का बघा आणि हायग्रोमीटरचा आकडा इथे टाका.

नवी_पालक: टाकते. कोकोपीट भिजत घातलंय, डीक्लोरिनेटरच्या पाण्यातच.