मदत हवी आहे: अंडकोष सतत गार लागतात

नाव लपवून विचारतोय, समजून घ्या. वय 36, राहायला कळव्याला, नोकरी ऐरोलीला. गेला दीड महिना अंडकोषाची पिशवी हाताला गार लागते. दुखत नाही, सूज नाही, गाठही लागत नाही. आधी वाटलं ऑफिसातल्या एसीचा प्रताप, रात्रपाळीला नऊ तास खुर्चीतच असतो. पण परवा लोकलमध्ये घामाने चिंब झालो तरी तेच!

ती जागा शरीरापेक्षा 2 ते 4 अंशांनी थंड असणं नैसर्गिकच, शुक्राणू तयार व्हायला तेवढा गारवा लागतो, हे वाचलंय. घाम सुकतानाही गार वाटतं म्हणे. पण मला कोरडं असतानाही वाटतं. वडिलांना मधुमेह आहे, माझी कंबरही अधूनमधून धरते, म्हणून मज्जातंतूंची शंका येते.

कुणाला असं झालंय का? थेट युरोलॉजिस्ट गाठू की आधी फॅमिली डॉक्टरकडे साखर तपासून घेऊ? ठाणे-नवी मुंबईत न हसता ऐकून घेणारे डॉक्टर माहीत असतील तर इनबॉक्स करा. तेल-लेप कृपया सुचवू नका, मित्राचं ऐकून एक लावलं होतं, दोन दिवस नुसती आग!