मदत हवी आहे: १४ फुटी जुनी अ‍ॅल्युमिनियमची होडी, डेकसाठी मधलं बाक कापू का?

नमस्कार मंडळी,

मी मिनेसोटात राहतो. ऑक्टोबरमध्ये एका ओळखीच्या माणसाकडून १४ फुटी, रिव्हेट मारलेली मासेमारीची होडी घेतली. ट्रेलरसकट ७०० डॉलर. तळ व्ही आकाराचा, आडवी तीन बाकं, मोटर नव्हती. ९.९ हॉर्सपॉवरची एक जुनी मोटर वेगळी मिळाली. मे महिन्यात वॉलआय माशाचा हंगाम उघडतो, त्याआधी होडी पाण्यात जायला हवी. हातात हिवाळा आहे आणि एक थंडगार गराज.

गाव मालवणजवळचं. बाबांना व्हिडिओ कॉलवर होडी दाखवली तर म्हणाले, "ही होडी आसा काय धान्याची कोठी?" आणि लगेच सल्ला, काजूच्या टरफलांचं तेल दोन हात मार, मग बघायला नको. पत्र्याला तेल पाजून काय होणार, पण मी हो म्हणून टाकलं.

बेत असा: मधलं बाक काढायचं, पुढच्या बाकापासून नाळेपर्यंत (होडीच्या पुढच्या टोकापर्यंत) उभं राहून गळ टाकता येईल असा प्लायवुडचा डेक करायचा, मध्ये सपाट फळी, तिच्याखाली बॅटरी. व्हिडिओत सगळे असंच करतात आणि दोन शनिवार-रविवारांत उरकतात.

मग मागच्या बाजूची क्षमतेची पाटी वाचली आणि कागद-पेन्सिल घेऊन बसलो. माणसं, मोटर आणि सामान मिळून ६५५ पौंड. मी, बायको आणि आठ वर्षांची मुलगी ३६०. मोटर ८५. सहा गॅलनची भरलेली टाकी ४५. लेड-अ‍ॅसिड बॅटरी ६०. पुढची ट्रोलिंग मोटर (गळ टाकताना होडी हळू चालवणारी, बॅटरीवरची) ३०. झाले ५८०. उरले ७५ पौंड! अर्धा इंची प्लायवुडचा एक पूर्ण तक्ताच ४५ च्या आसपास भरतो आणि मला दोन लागणार. नांगर, गळांची पेटी, डबा, पाणी अजून धरलेलंच नाही. डेकचं वजन यात धरायचं ना? का ते होडीचंच समजायचं?

दुसरी भानगड. आधीच्या मालकाने तळावर हिरवट झाक असलेल्या फळ्या टाकल्या होत्या, कीड लागू नये म्हणून औषध मारलेलं लाकूड असतं ना, ते. फळी उचलली तर खाली पांढरी भुकटी, आणि ब्रशने झाडल्यावर नखाएवढे खड्डे. एका खड्ड्यात टोच्या घातला तर तो आरपार गेला. समुद्राचं पाणी या होडीने कधी पाहिलेलं नाही, मग हे कशाने?

गळती शोधायला होडी ट्रेलरवरच ठेवून आत चार बोटं पाणी भरलं आणि खाली झोपून मार्करने खुणा केल्या. सात रिव्हेट ठिबकतात, सगळे तळाच्या मधल्या ओळीत. मधल्या बाकाचा पत्रा जरा उचकटला तर आतला फोम बोटाने दाबल्यावर स्पंजासारखं पाणी सोडतो. तो काढून तसंच पोकळ ठेवलं तर चालेल?

ज्यांनी हे हाताने केलंय त्यांनी सांगा. व्हिडिओच्या लिंका नकोत, त्या पाहूनच इथवर आलोय.

प्रतिसाद:

डेकचं वजन धरायचंच. पाटीवरचा आकडा कारखान्यातून निघालेल्या होडीचा आहे, तुम्ही नंतर ठोकलेलं सगळं त्यातूनच वजा होतं.

आणि मधलं बाक कापू नका. ते बसायला आहे असं वाटतं, पण दोन्ही बाजूंचा पत्रा आत-बाहेर लवू नये म्हणून तो आडवा आधार आहे. वरून त्यातला फोम म्हणजे होडी पाण्याने भरली तरी तरंगती ठेवणारी वस्तू. पोकळ अजिबात ठेवू नका. ओला फोम सगळा काढा (कितीतरी पौंड नुसतं पाणीच वाहून नेताय) आणि पाणी न पिणारे एक्स्ट्रुडेड पॉलिस्टायरीनचे (कडक फोमचे) तक्ते कापून ठासून भरा. त्यावर पेट्रोल सांडू देऊ नका, विरघळतं.

डेक फक्त पुढे, अर्ध्या तक्त्याचा, बाकाच्या उंचीवरच. त्याहून वर उभे राहिलात की वजन वर जातं आणि होडी कलंडायला बघते. मुलगी बरोबर आहे, विसरू नका. प्लायवुडऐवजी पत्रा वापरून फार वाचेल असंही नाही, ०.०९ इंची, ५०५२ जातीच्या अ‍ॅल्युमिनियमचा तक्ता ४० पौंड भरतो.

प्रतिसाद:

खड्डे तांब्याने पडलेत. त्या लाकडाच्या औषधात तांबं असतं. ओलाव्यात तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम एकत्र आले की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं, गोड पाणी असलं तरी. साधं एक्स्टीरियर प्लायवुड घ्या, कडांसकट सगळीकडून इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायची, कडक होणारी राळ) लावून मगच बसवा. तळाला तांबं असलेला रंगही कधी लावू नका.

आरपार भोकाला आतून अ‍ॅल्युमिनियमचं ठिगळ, सीलंट आणि बंद टोकाचे रिव्हेट. ठिबकणारे रिव्हेट आधी घट्ट करून बघा: एकाने बाहेरून डोक्यावर जड लोखंड धरायचं, दुसऱ्याने आतून हातोडी. हे काम थंडीत होतं. इपॉक्सी मात्र एप्रिलपर्यंत थांबवा, गराजमध्ये १० अंश सेल्सिअसखाली ती नीट आळत नाही.

वायरिंगचं तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगतो. ५५ पौंड जोराची ट्रोलिंग मोटर ५० अँपिअरपर्यंत खेचते. ६० चा ब्रेकर बॅटरीच्या प्लसजवळच लावा आणि मायनसची वायर वेगळी ओढा, होडीच्या पत्र्यालाच मायनस करू नका.

मूळ प्रश्नकर्ता:

दोघांचेही आभार. बाक राहू देतो. लेड-अ‍ॅसिडऐवजी १०० अँपिअर-तासाची लिथियम बॅटरी घेतली तर ३५ पौंड सुटतात, म्हणजे अर्ध्या तक्त्याचा डेक आणि नांगर बसतोय, खिसा मात्र मोकळा होतोय. काल बायकोने बाहेरून लोखंड धरलं, सातातले पाच रिव्हेट थांबले. उरलेल्या दोघांची भोकंच मोठी झालीत. ती पुढच्या मापाने ड्रिल करून जाड रिव्हेट मारू, का तिथेही ठिगळच?