प्रतिसाद: हंड्यात पाला टाकून पाणी पिण्याजोगं होतं का?
वर कुणी लिहिलंय की कडुलिंबाचा पाला हंड्यात टाकला की जंतू मरतात. कडुलिंब, तुळस, पेरूच्या पानांचा अर्क ई. कोलायसारख्या जिवाणूंची वाढ रोखतो, हे प्रयोगशाळेत दिसतं, खरंय. पण तो अर्क बऱ्याचदा अल्कोहोलमध्ये काढलेला, दाट असतो आणि तपासतात काचेच्या बशीत. हंडाभर पाण्यात मूठभर पानं फारच पातळ पडतात; उलट पाला कुजला की जिवाणूंना खाऊच मिळतो! २०१९ च्या महापुरात सांगलीत आमच्या गल्लीत कृष्णेचं पाणी शिरलं, तेव्हा आईनं पाणी खळखळून उकळल्याशिवाय कुणाला घोटभरही दिलं नाही. शेवग्याच्या बियांची पूड गाळ खाली बसवते, तिचा उपयोग जरूर करा, पण वरचं निवळलेलं पाणी नंतर उकळाच.