ओपन सोर्स ॲपला कोड लिहायला पोरं कशी आणायची?

निफाडकर:
मंडळी, आमची निफाडला द्राक्षबाग आहे, मी नाशकात जॉब करतो. फवारणीची नोंद ठेवायला एक छोटं ॲप बनवलंय, कुठलं औषध कधी मारलं, लिटरला किती घेतलं, काढणीआधी किती दिवस थांबायचं, सगळं त्यात येतं, कारण युरोपला माल पाठवायचा तर ही नोंद लागतेच. कोड गिटहबवर, म्हणजे कोड सगळ्यांसमोर ठेवायच्या साइटवर, टाकलाय. गावातले वीसेक शेतकरी वापरतात पण कोड लिहायला मी एकटाच. कॉलेजच्या ग्रुपवर दोनदा टाकलं, अंगठे भरपूर आले, पुल रिक्वेस्ट, म्हणजे ‘मी हा बदल केलाय, तुझ्या कोडमध्ये घे’ अशी विनंती, एकही नाही. काय करू?

सातपूर_डेव्ह:
गिटहबवरची तुझी रिपो, म्हणजे ॲपचा सगळा कोड, बघितली. लायसन्सची, म्हणजे कोड कुणी कसा वापरायचा त्या परवानगीची, फाईलच नाहीये भाऊ. कोड सगळ्यांना दिसतो म्हणून तो ओपन सोर्स होत नाही, लायसन्स नसलं की हक्क तुझ्याकडेच राहतात आणि दुसऱ्याने वापरायचा की नाही हेच कळत नाही. आजच टाक. मी असतो तर जीपीएल घेतलं असतं, म्हणजे कुणी बदल करून ॲप वाटलं तर त्याला तो कोडही द्यावा लागतो. आणि रीडमी, म्हणजे ॲप कसं चालवायचं ते सांगणारी फाईल, वाचून चालवायला गेलो तर डेटाबेसपाशी पाऊण तास अडकलो. सेकंड इयरचा पोरगा तिथूनच परत जाणार, त्याला वाटणार आपल्यालाच येत नाही.

कॉलेजरोड_०७:
मी तोच पोरगा होते समजा 🙂 पहिली पुल रिक्वेस्ट एका मोठ्या प्रोजेक्टला पाठवलेली, चार महिने कुणी बघितलंसुद्धा नाही, रोज उघडून बघायचे, मग नादच सोडला. नंतर दुसऱ्या एका छोट्या प्रोजेक्टवर त्याच संध्याकाळी उत्तर आलं, की छान केलंय फक्त या दोन ओळी अशा कर, आणि मर्ज झालं, म्हणजे माझा बदल त्यांच्या कोडमध्ये घेतला, त्या दिवशी मी आईला दाखवलं. तिथे मी अजून आहे. म्हणून सांगते दादा, रिव्ह्यू दोन दिवसांत द्या, नाही जमलं तर निदान ‘रविवारी बघतो’ एवढं तरी लिहा.
आणि नवख्यांसाठी सोप्या कामाला (इश्यूला) ‘गुड फर्स्ट इश्यू’ लेबल लावताना ‘ॲप सुधारा’ असलं लिहू नका. थांबायचे दिवस मोजताना एक दिवस चुकतोय, अमुक फाईलमध्ये बघ, उत्तर इतकं यायला पाहिजे, असं लिहा.

पंचवटी_लिनक्स:
बक्षीस वगैरे ठेवायच्या भानगडीत पडू नका. हॅक्टोबरफेस्ट, म्हणजे ऑक्टोबरात ओपन सोर्सला पुल रिक्वेस्ट पाठवायचा उपक्रम, २०१४ पासून चालू आहे, चांगला आहे, पण २०२० ला टी-शर्टसाठी लोकांनी रीडमीत एखादा शब्द घुसडून इतक्या फालतू रिक्वेस्ट पाठवल्या की मेंटेनर, म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणारे, वैतागले, शेवटी ज्या प्रोजेक्टला हवंय त्यांनीच सामील व्हायचं असा नियम करावा लागला. तसंही ऑक्टोबरात तुमची छाटणी असते, रिव्ह्यू कधी करणार? त्यापेक्षा चार पोरांना बागेत न्या, नोंद वहीत कशी ठेवतात ते दाखवा. आपला कोड कुणाच्या कामी येतो ते डोळ्यांनी बघितलं की माणूस टिकतो.

निफाडकर:
जीपीएल टाकलं आत्ताच. सेटअप रात्री दुसऱ्या लॅपटॉपवर पहिल्यापासून करून बघतो. तो एक दिवस चुकतोय तो बग खरंच आहे, मी स्वतःच दुरुस्त करणार होतो, आता तसाच ठेवतो आणि नीट इश्यू लिहितो. कॉलेजरोड, तू घेशील का?

कॉलेजरोड_०७:
घेते. लिंक टाका.